स्पॅनिश क्रियापद आणि मराठी विद्यार्थी : प्राथमिक व्याकरणाच्या अध्यापनासंबंधी एक विचार

प्रस्तावना

स्पॅनिश ही आज वीस देशांची राजभाषा आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने माध्यमिक स्तरावर शिकवता येतील अशा परकीय भाषांमध्ये तिचा नामनिर्देश केला आहे. स्पेनच्या इन्स्तितूतो सेर्वान्तेस या संस्थेचे केंद्र नवी दिल्ली येथे २००९ साली सुरू झाले आणि ‘देले’ या प्रमाणपत्र परीक्षेचे नाव आपल्याकडील विद्यार्थ्यांच्याही कानावर येऊ लागले. कोकणातील तरुण पिढ्यान्‌पिढ्या बोटीवर जात आला आहे. आता त्याला हॉटेल व्यवसाय, पर्यटन आणि भाषांतर ही क्षेत्रेही खुणावू लागली आहेत. अशा वेळी रत्नागिरीसारख्या जिल्ह्यातील महाविद्यालयात एखादा विद्यार्थी स्पॅनिशचे प्राथमिक पुस्तक हाती घेतो तेव्हा नेमके काय घडते, हा प्रश्न केवळ भाषाविभागापुरता राहत नाही.

त्याच्या हाती येणारे पुस्तक बहुधा इंग्रजीत असते. त्यातील व्याकरणाचे स्पष्टीकरण इंग्रजी मातृभाषा असलेल्या वाचकाला काय सोपे जाईल आणि काय कठीण जाईल, हे गृहीत धरून लिहिलेले असते. क्रियापदाला पुरुष-वचनाप्रमाणे प्रत्यय लागतात, विशेषण नामाच्या लिंगाप्रमाणे बदलते, कर्ता उच्चारला नाही तरी चालते, या गोष्टी इंग्रज वाचकाला नवलाच्या वाटतात. म्हणून त्यांच्यासाठी पानेच्या पाने खर्ची पडतात. मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी ही पाने शब्दकोश घेऊन वाचतो आणि जे त्याला जन्मतः येते तेच परक्या भाषेतून, अवघड म्हणून शिकतो. वर्गात असे वारंवार आढळते की, विद्यार्थी स्पॅनिशला अडत नाही, स्पॅनिशच्या इंग्रजी स्पष्टीकरणाला अडतो. पुढे तो स्वतःच ‘मला भाषा जमत नाहीत’ असा निष्कर्ष काढून मोकळा होतो, आणि हे नुकसान भरून येणे कठीण असते.

प्रस्तुत लेखात स्पॅनिश क्रियापदाची प्राथमिक व्यवस्था मराठी व्याकरणाच्या परिभाषेतून मांडण्याचा प्रयत्न केला आहे. मराठीचा आधार कोठे पुरेल आणि कोठे तोच आधार फसवील, हे दोन्ही पाहावयाचे आहे. स्पॅनिश शब्द देवनागरीत दिले असून, शेवटच्या स्वरावर आघात असल्यास तेथे अवग्रह (ऽ) योजला आहे. स्पॅनिशमध्ये ‘ह’साठीचे अक्षर शब्दारंभी लिहिले जाते पण उच्चारले जात नाही, आणि ‘व’साठीच्या अक्षराचा उच्चार ‘ब’ असा होतो. लिप्यंतरात उच्चारच प्रमाण मानला आहे.

पूर्वपीठिका

परक्या भाषेकडे स्वतःच्या परिचयाच्या व्याकरणाच्या दारातून जाणे, ही कल्पना आपल्या किनाऱ्याला नवी नाही. ‘क्रिस्तपुराण’ (१६१६) रचणाऱ्या फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने कोकणी भाषेचे व्याकरण पोर्तुगीजमधून लिहिले. ते त्याच्या मृत्यूनंतर १६४० साली गोव्यात राशोल येथे छापले गेले. त्याची चौकट लॅटिन व्याकरणाची होती. युरोपातही निराळे घडले नव्हते. आन्तोनियो दे नेब्रिहा याने १४९२ साली कास्तिलियन म्हणजे आजच्या स्पॅनिश भाषेचे व्याकरण प्रसिद्ध केले, तेही लॅटिनच्या अभ्यासातून तयार झालेल्या दृष्टीने. पुढे दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनी १८३६ मध्ये मराठीचे व्याकरण इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर रचले. मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ साली आले आणि मराठीला मराठीच्या अंगाने पाहण्याची सवय अभ्यासकांना लागली. दामले हे मालगुंड येथे जन्मलेल्या केशवसुतांचे धाकटे बंधू. मालगुंडला केशवसुतांच्या स्मारकाला भेट देणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना या वैयाकरण बंधूचे नाव सहसा ठाऊक नसते, ही खंत येथे जाता जाता नोंदवावीशी वाटते.

दामल्यांनी तपशिलाने विवेचन केलेली आख्यात-कल्पना स्पॅनिशच्या अध्यापनाला अत्यंत उपयुक्त आहे. मराठी परंपरेत क्रियापदाच्या रूपमालांना ताख्यात, लाख्यात, वाख्यात, ई-आख्यात अशी प्रत्ययांवरून नावे दिली जातात. रूप कोणते हे आधी ओळखावे आणि त्याचा अर्थ वाक्यावरून ठरवावा, ही त्यामागील दृष्टी. स्पॅनिशच्या इंग्रजी पुस्तकांत नेमके उलटे असते. तेथे काळाचे नाव आधी, त्याचे अर्थ नंतर, आणि रूपे सर्वांत शेवटी तक्त्यात येतात. मराठी वाक्यात ‘गेला’ हे लाख्यात कधी भूतकाळ दाखवते, तर ‘आलोच’ म्हणताना नजीकचा भविष्यकाळही दाखवते. हे ज्याला रोजच्या बोलण्यात जमते त्याला एका रूपाचे अनेक अर्थ असू शकतात हे निराळे शिकवावे लागत नाही.

प्रत्ययांची व्यवस्था

स्पॅनिश धातूंचे मूळ रूप आर, एर, इर या तीनपैकी एका प्रत्ययाने संपते. आब्लार (बोलणे), कोमेर (खाणे), बिबिर (राहणे, जगणे) ही त्यांची नेहमीची उदाहरणे. प्रस्तुत लेखाचा आग्रह असा की, मराठी वर्गात पहिले क्रियापद आब्लार नसावे, पागार असावे. मराठीतील ‘पगार’ हा शब्द पोर्तुगीज भाषेतून आला आहे आणि मूळ भाषेत तो नाम नसून ‘पैसे चुकते करणे’ या अर्थाचे क्रियापद आहे. स्पॅनिश ही पोर्तुगीजची भगिनी, त्यामुळे तिच्यातही तेच क्रियापद त्याच अर्थाने आहे. पागो म्हणजे मी पैसे देतो, पागास म्हणजे तू देतोस, पागा म्हणजे तो देतो, पागामोस म्हणजे आम्ही देतो, पागाइस म्हणजे तुम्ही देता, पागान म्हणजे ते देतात. ज्या शब्दाची महिनाअखेर वाट पाहिली जाते त्याचीच रूपे चालवताना वर्गात थोडी खसखस पिकते आणि रूपे लक्षात राहतात. एर-गणातील धातूत ‘आ’च्या जागी ‘ए’ येतो. त्यामुळे कोमो, कोमेस, कोमे, कोमेमोस, कोमेइस, कोमेन अशी रूपे होतात. इर-गण वर्तमानकाळात जवळजवळ याच वाटेने जातो. फक्त ‘आम्ही’ आणि ‘तुम्ही’ यांच्या रूपांत तो बिबिमोस, बिबिस असा आपला ‘इ’ राखतो.

आता या प्रत्ययांकडे संस्कृत जाणणाऱ्याने पाहावे. वदसि – पागास, वदामः – पागामोस, वदन्ति – पागान. हे साम्य योगायोगाचे नाही. संस्कृत आणि लॅटिन यांचा पूर्वज एक, आणि स्पॅनिश ही लॅटिनची कन्या. मराठीतही ‘बोलतोस’, ‘आहेस’, ‘गेलास’ यांतील ‘स’ द्वितीय पुरुषाचे तेच जुने चिन्ह सांभाळून आहे. शालेय संस्कृत केलेल्या विद्यार्थ्याला हे तीन दाखले फळ्यावर लिहून दाखवले की, प्रत्यय पाठ करण्याचा अर्धा भार उतरतो. त्याच्या दृष्टीने एक गोष्ट तर सुखाची आहे. ‘बोलतो’ आणि ‘बोलते’ असा लिंगभेद स्पॅनिश क्रियापदात मुळीच नाही. ‘आब्लो’ हे स्त्री आणि पुरुष दोघेही म्हणतात.

कर्त्याच्या अध्याहाराविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. ‘कुठे राहतोस?’ ‘रत्नागिरीला राहतो.’ या संवादात सर्वनाम नाही आणि कोणाला चुकल्यासारखेही वाटत नाही. ‘बिबो एन रत्नागिरी’ हे वाक्य तसेच बनते. इंग्रजीतून शिकलेला विद्यार्थी मात्र प्रत्येक वाक्यापूर्वी ‘यो’ (मी) लावत सुटतो, आणि ते ऐकणाऱ्याला ‘मी, मी’ करणाऱ्या माणसासारखे वाटते.

मानार्थी रूपासंबंधी दोन शब्द आवश्यक आहेत. ‘तू’ या अर्थी ‘तू’ हाच शब्द स्पॅनिशमध्ये आहे. आदरार्थी ‘उस्तेद’ हा शब्द ‘आपली कृपा’ अशा अर्थाच्या जुन्या संबोधनापासून झाला असल्याने त्याचे क्रियापद तृतीय पुरुषी राहते. मराठीत आदरासाठी अनेकवचन योजतात, स्पॅनिशमध्ये पुरुष बदलतो. तथापि ‘साहेब, आत येतात ना?’ असे समोरच्यालाच तृतीय पुरुषात विचारण्याची आपली रीत या प्रयोगाच्या अगदी जवळची आहे. अमेरिका खंडातील स्पॅनिशमध्ये ‘तुम्ही’चे स्वतंत्र रूप (पागाइस) वापरातून गेले असून तेथे तृतीय पुरुषी अनेकवचनच चालते. ज्याला मेक्सिको किंवा पेरूच्या लोकांशी बोलावयाचे आहे त्याने आरंभी हे रूप केवळ ओळखण्यापुरते शिकले तरी पुरे.

कोर्लईचा दाखला

या प्रत्ययांपैकी काय टिकते आणि काय गळते, याचा एक जिवंत पुरावा आपल्या शेजारी आहे. रायगड जिल्ह्यात रेवदंड्यासमोर कुंडलिकेच्या मुखाशी कोर्लई हे गाव आहे. पोर्तुगीजांनी १७४० मध्ये हा टापू मराठ्यांच्या स्वाधीन केला. त्यानंतरही तेथील ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीज आणि मराठी यांच्या संपर्कातून बनलेली बोली टिकून राहिली. क्लॅन्सी क्लेमेन्ट्स या भाषाशास्त्रज्ञाने तिच्यावर १९९६ साली ग्रंथ लिहिला. या बोलीत वाक्याची रचना मराठीसारखी, म्हणजे क्रियापद शेवटी अशी झाली आहे. पोर्तुगीजमधील आर, एर, इर हे तीन गण तिने स्वरांच्या रूपाने जपले आणि मराठीतून घेतलेल्या धातूंसाठी ‘उ’ स्वराचा चौथा गण स्वतः तयार केला. पण पुरुष-वचनाचे प्रत्यय मात्र लोपले. कर्ता कोण हे तेथे क्रियापद सांगत नाही.

मराठी मातृभाषा असलेल्या शिक्षकाने यावर विचार करावा असे वाटते. बोलणारा माणूस गरजेपुरते बोलू लागतो तेव्हा गण सहज जमतो, प्रत्यय सर्वांत आधी निसटतो. वर्गात विद्यार्थी मूळ धातूच उच्चारून वेळ मारून नेतो तेही यामुळेच. म्हणून पहिल्या सहामाहीत शब्दसंग्रह कमी ठेवून थोड्याच धातूंची सहाही रूपे तोंडी घोटून घेणे अधिक हिताचे ठरते.

आघात आणि धातूचा विकार

उच्चाराच्या बाबतीत मराठी विद्यार्थी सुदैवी आहे. स्पॅनिश ‘त’ आणि ‘द’ दंत्यच आहेत. इंग्रजी वाटेने गेलेला तरुण ‘तोमार’ (घेणे) ला ‘टोमार’ करतो, पण देवनागरीतून शिकलेला तसे करणार नाही. एस्पाञा या देशनावात तर ‘ञ’ या अक्षराला, मराठी वर्णमालेत केवळ हजेरीपुरत्या उरलेल्या या अक्षराला, खरे काम मिळते.

आघात मात्र त्याला नवा आहे. मराठीत आघात बदलल्याने शब्दाचा अर्थ बदलत नाही. स्पॅनिशमध्ये ‘आब्लो’ म्हणजे मी बोलतो आणि ‘आब्लोऽ’ म्हणजे तो बोलला. एका आघातासरशी पुरुषही बदलतो आणि काळही. स्वर, न् किंवा स् यांनी संपणाऱ्या शब्दात उपान्त्य अक्षरावर आघात, इतर शब्दांत अन्त्य अक्षरावर, आणि याहून निराळा असेल तेथे अक्षरावर तिरपी रेघ, असा नियम आहे. ही रेघ म्हणजे शोभेची वस्तू नव्हे, हे पहिल्याच तासाला सांगितले पाहिजे.

याच आघातातून पुढचा प्रश्न सुटतो. पोदेर (शकणे) या धातूची रूपे प्वेदो, प्वेदेस, प्वेदे अशी होतात, पण ‘आम्ही’साठी पोदेमोस. पुस्तके याला अनियमित क्रियापद म्हणतात आणि विद्यार्थी घाबरतो. वस्तुतः येथे अनियमित असे काही नाही. धातूतील ‘ओ’वर आघात आला की तो फुटून ‘वे’ होतो, आघात पुढे सरकला की मूळचा ‘ओ’ परत येतो. मराठीत ‘दूध’चे ‘दुधात’, ‘फूल’चे ‘फुलाला’, ‘पीठ’चे ‘पिठात’ होते, तेव्हा आपण याला अपवाद म्हणत नाही. शब्द लांबला, स्वराची जागा बदलली आणि दीर्घाचा ऱ्हस्व झाला. दोन्हींची कारणे भिन्न असली तरी जागेनुसार स्वर बदलणे ही घटना एकच. दोर्मिर (झोपणे) – द्वेर्मो, केरेर (इच्छिणे) – क्येरो, असे शेकडो धातू या एका नियमात बसतात.

खरोखर अनियमित म्हणावेत असे धातू थोडे आणि फार वापरातले आहेत. ‘इर’ म्हणजे जाणे. वर्तमानात बोय, बास, बा, आणि भूतकाळात एकदम फुइ, फुइस्ते, फुए. मूळ धातूचा मागमूस नाही. पण ‘जातो’ आणि ‘गेला’ यांत तरी कोणते साम्य आहे? ‘येतो – आला’, ‘होतो – झाला’ हीही तशीच जोडपी. अतिवापरातील धातू निरनिराळ्या मुळांतून रूपे उचलतात, हा अनेक भाषांचा स्वभाव आहे.

दोन भूतकाळ

मराठी शिकवणाऱ्यांना ज्याचा विशेष आनंद व्हावा असे प्रकरण हे आहे. स्पॅनिशमध्ये दोन साधे भूतकाळ आहेत. कोमीऽ म्हणजे (मी) खाल्ले, आणि कोमीआ म्हणजे खात असे, खायचो, खात होतो. इंग्रजीत साधा भूतकाळ यांपैकी दोन्ही अर्थांना बहुधा एकाच रूपाने सांभाळून घेतो. त्यामुळे इंग्रजी पुस्तकांना येथे नियम, उपनियम आणि घड्याळाच्या आकृत्या काढाव्या लागतात. मराठी विद्यार्थ्याला दोनच वाक्ये पुरतात. ‘काल आम्ही भाट्याच्या किनाऱ्यावर गेलो’ येथे फुइमोस. ‘लहानपणी आम्ही भाट्याच्या किनाऱ्यावर जायचो’ येथे इबामोस. ‘गेलो’ आणि ‘जायचो’ यांत ज्याची गल्लत होत नाही, त्याची स्पॅनिशमध्येही होण्याचे कारण नाही.

मराठी येथे स्पॅनिशच्याही पुढे आहे. आपल्याकडे रीतिभूतकाळ (‘जात असे’) आणि अपूर्ण भूतकाळ (‘जात होता’) निराळे आहेत. स्पॅनिश हे दोन्ही एकाच रूपात घालते. म्हणजे मराठीतून जाताना विद्यार्थ्याला दोन खणांतील वस्तू एका खणात ठेवावयाच्या असतात, आणि ते एका खणातून दोन खणांत वाटणी करण्यापेक्षा केव्हाही सोपे. चिलीत राहून लिहिणाऱ्या आन्द्रेस बेल्यो या व्हेनेझुएलन वैयाकरणाने १८४७ च्या आपल्या व्याकरणात या काळाला ‘सहभूत’ अशा अर्थाचे नाव दिले होते. दुसऱ्या एखाद्या भूतकालीन क्षणाच्या बरोबरीने चाललेली क्रिया, असा त्याचा अभिप्राय. ‘मी जेवत होतो तेव्हा तो आला’ या वाक्यातील ‘जेवत होतो’ला हे नाव फार नेमके लागू पडते.

रूपे तर आणखी सोपी. आर-गणाला ‘आबा’ (पागाबा, आब्लाबा), इतर दोन गणांना ‘ईआ’ (कोमीआ, बिबीआ). अनियमित धातू सगळ्या भाषेत तीनच – सेर, इर, बेर. मराठीत ‘तो रोज देवळात जाई, दोन फुले वाही’ अशा वाक्यांतील ई-आख्यातही रीतिभूतकाळ दाखवते. स्पॅनिश ‘ईआ’शी त्याचे नाते नाही, हा निव्वळ योगायोग आहे. पण पाठांतराला योगायोगही चालतो.

‘मला आवडते’ आणि तत्सम रचना

‘मे गुस्ता एल मांगो’ म्हणजे ‘मला आंबा आवडतो’. ‘मे गुस्तान लोस मांगोस’ म्हणजे ‘मला आंबे आवडतात’. शब्दास शब्द जुळतो. आवडणारी वस्तू कर्ता, ज्याला आवडते तो चतुर्थीत, आणि क्रियापद वस्तूच्या वचनाप्रमाणे. इंग्रजी पुस्तकांत हा धडा ‘उलटी क्रियापदे’ अशा काहीशा भीतिदायक मथळ्याखाली येतो. रत्नागिरीच्या मुलाला यात उलटे काय आहे हेच कळत नाही, आणि कळू नये हेच योग्य. मे पारेसे (मला वाटते), मे फाल्ता (मला कमी पडते) ही भावंडे याच घरातली. मात्र भूक आणि तहान येथे साथ सोडतात. ‘मला भूक लागली’ याला स्पॅनिशमध्ये ‘माझ्यापाशी भूक आहे’ अशी, तेंगो आंब्रे, ही रचना आहे.

कर्माच्या चिन्हाचेही तसेच. ‘मी पुस्तक पाहतो’ पण ‘मी मारियाला पाहतो’. स्पॅनिशमध्ये बेओ एल लिब्रो, पण बेओ आ मारिया. निर्जीव कर्म प्रत्ययाविना आणि मनुष्यवाचक निश्चित कर्म ‘ला’सह, ही मराठीची सवय स्पॅनिशमध्ये ‘आ’ या शब्दयोगी शब्दाने पाळली जाते, फक्त तो नामापूर्वी येतो. ‘माझ्या हातून पेला पडला’ या वाक्यात पाडणाऱ्याचा दोष सौम्य करून त्याला बाजूला उभे केले आहे. ‘से मे कायोऽ एल बासो’ हे त्याचेच रूप.

एक दिशाभेद मात्र ध्यानात ठेवावा. मराठीत ‘बसणे’ मूळ आणि ‘बसवणे’ साधित. स्पॅनिशमध्ये सेन्तार म्हणजे बसवणे हे मूळ, आणि त्याला ‘से’ लावून सेन्तारसे म्हणजे बसणे होते. लेबान्तार उठवणे, लेबान्तारसे उठणे. आपण अकर्मकावरून सकर्मकाकडे जातो, ते सकर्मकावरून अकर्मकाकडे येतात.

मराठी कोठे फसवते

सर्वांत मोठी फसगत प्रयोगाची आहे. मराठीत ‘मी आंबा खाल्ला’, ‘मी कैरी खाल्ली’, ‘मी आंबे खाल्ले’. सकर्मक धातूचा भूतकाळ आला की क्रियापद कर्त्याला सोडून कर्माच्या मागे जाते. स्पॅनिशमध्ये तिन्ही ठिकाणी ‘कोमीऽ’. तेथे सदैव कर्तरी प्रयोग. भूतकाळातही क्रियापदाने कर्त्याकडेच पाहावयाचे, ही शिस्त मराठी विद्यार्थ्याला मुद्दाम लावावी लागते. अनेकवचनी कर्म आले की त्याचे क्रियापद नकळत अनेकवचनी होते. ही चूक इंग्रजी पुस्तकांत कोठेच नोंदलेली नसते, कारण ती इंग्रज विद्यार्थी करीत नाही. गंमत अशी की, मध्ययुगीन स्पॅनिशमध्ये ‘मी चिठ्ठी लिहिली आहे’ या जातीच्या वाक्यात कृदन्त कर्माप्रमाणे बदलत असे. चिठ्ठी स्त्रीलिंगी म्हणून ‘ए एस्क्रिता ला कार्ता’. आज ते ‘ए एस्क्रितो ला कार्ता’ असे गोठले आहे.

लिंगाच्या बाबतीत नपुंसकलिंग नाही एवढे सांगून भागत नाही. मराठीत आकारान्त नाम बहुधा पुल्लिंगी – आंबा, घोडा, डोंगर नव्हे पण दगडाचा धोंडा. स्पॅनिशमध्ये आकारान्त नाम बहुधा स्त्रीलिंगी. ला कासा (घर), ला मेसा (टेबल). कानाला जे पुरुषी वाटते ते तेथे स्त्रीलिंगी निघते. विशेषणांत मात्र ओळखीची वाट आहे. आपल्याकडे ‘चांगला’ विकारी आणि ‘सुंदर’ अविकारी, तसे तेथे ‘रोहो’ (लाल) लिंगाप्रमाणे बदलते आणि ‘ग्रान्दे’ (मोठे) बदलत नाही. वचनाप्रमाणे मात्र दोन्ही बदलतात.

तिसरी जागा ‘असणे’ची. स्पॅनिशमध्ये त्यासाठी दोन धातू आहेत, सेर आणि एस्तार. विद्यार्थी लगेच ‘असतो’ आणि ‘आहे’ यांच्याशी त्यांची जोडी लावू पाहतो. ‘हापूस गोड असतो’ – एल मांगो एस दुल्से. ‘हा आंबा गोड आहे’ (खाऊन पाहिला, तर) – एस्ते मांगो एस्ताऽ दुल्से. इथवर जमते. पण ‘मी शिक्षक आहे’ येथे मराठीत ‘आहे’ असूनही स्पॅनिशमध्ये सेर लागते, सोय प्रोफेसोर. तेव्हा ती जोडी सोडून द्यावी. ‘कायम ते सेर, तात्पुरते ते एस्तार’ हा प्रचलित नियमही फसवा आहे. मेलेला माणूस कायमचाच मेलेला असतो, पण तेथे एस्ताऽ म्हणतात.

याहून चांगला आधार संस्कृतात सापडतो. ‘एस’ हे लॅटिनद्वारे आलेले रूप संस्कृत ‘अस्ति’चे सगोत्र आहे आणि ‘सोन’ हे ‘सन्ति’चे. एस्तार हा धातू संस्कृत ‘स्था’चा सगोत्र आहे. स्थान, स्थिती, अवस्था हे तिन्ही मराठी शब्द ‘स्था’पासून झाले आहेत आणि एस्तारचे प्राथमिक उपयोगही हेच तीन आहेत. रत्नागिरी कोठे आहे (स्थान), काम कसे चालले आहे (स्थिती), आंबा कच्चा आहे (अवस्था). ‘एस्ताऽ बेर्दे’ म्हणजे आंबा अजून पिकलेला नाही, ‘एस बेर्दे’ म्हणजे त्याचा रंगच हिरवा. मेलेला माणूसही अवस्थेच्या सदरात निमूटपणे बसतो. एक अपवाद लक्षात ठेवावा. सभा, समारंभ कोठे आहे हे सांगताना सेर येते. तेथे वस्तूचे स्थान नसते, घटनेचे घडणे असते.

वाख्यात आणि स्पॅनिश विध्यर्थ

स्पॅनिशचा विध्यर्थ पुष्कळ पुस्तकांत अखेरच्या प्रकरणात, प्रगत विद्यार्थ्यांसाठी म्हणून ठेवलेला असतो. मराठी वर्गात तो इतका लांबवण्याची गरज नाही. ‘क्येरो बेनीर’ म्हणजे ‘मला यायचे आहे’. इच्छिणारा आणि येणारा एकच. ‘क्येरो के बेंगास’ म्हणजे ‘तू यावेस असे मला वाटते’. इच्छिणारा एक, येणारा दुसरा, आणि लगेच वाख्यात. इच्छा, विनंती, सल्ला, आवश्यकता या अर्थांच्या वाक्यांनंतर मराठीत जेथे ‘यावे, करावे, द्यावे’ येते, तेथे स्पॅनिशमध्ये हे रूप येते. रूपसिद्धीही अवघड नाही. आर-गणाने ‘आ’ टाकून ‘ए’ घ्यावा (पागे, आब्ले) आणि एर-इर गणांनी ‘ए’ टाकून ‘आ’ घ्यावा (कोमा, बिबा). दोन घरांनी आपापले स्वर अदलाबदल केले, असे सांगितले की विद्यार्थ्याला पुरते.

मराठीचे वाख्यात जेथे येत नाही पण स्पॅनिश विध्यर्थ लागतो, अशी एक जागा मात्र पहिल्या वर्षातच दाखवून द्यावी, कारण ती रोजच्या बोलण्यात येते. ‘पाऊस पडतो तेव्हा आम्ही जात नाही’ – क्वान्दो युएबे, नो बामोस. ‘पाऊस पडेल तेव्हा आम्ही जाणार नाही’ – क्वान्दो युएबा, नो इरेमोस. पहिल्या वाक्यातला पाऊस नेहमीचा, अनुभवातला. दुसऱ्यातला अजून आलेला नाही. ‘तेव्हा’, ‘तोवर’, ‘की लगेच’ अशा गौणवाक्यांत मराठी जेथे ‘पडेल, येईल, होईल’ असे भविष्यकाळी रूप घालते, तेथे स्पॅनिश विध्यर्थ घालते. इंग्रजीत या दोन्ही गौणवाक्यांत क्रियापद एकसारखेच असल्याने तिच्या वाटेने जाणाऱ्याला हा फरक कानाला लागत नाही. मराठीत तो ‘पडतो’ आणि ‘पडेल’ असा स्पष्ट ऐकू येतो. म्हणून या धड्याचा सराव इंग्रजी वाक्यांवरून न देता मराठी वाक्यांवरून द्यावा. ‘तू आलास की लगेच निघू’ यासारखी, लाख्यात भविष्याच्या अर्थी आलेली वाक्ये मात्र दुसऱ्या सहामाहीसाठी राखून ठेवावीत.